काळ्या दगडावरची रेघ पुसली कशी जाते? हवामान बदल आणि प्राचीन दगडी वास्तू

जुलै २०२३ मध्ये अथेन्सचं अ‍ॅक्रोपोलिस, म्हणजे प्राचीन देवळांची टेकडी, भर दुपारी काही तास बंद ठेवायला लागलं, कारण उष्णतेची लाट अशी होती की रांगेतली माणसं भोवळ येऊन पडतील की काय अशी भीती होती. नंतरच्या उन्हाळ्यांतही तेच झालं. बातम्यांमधले फोटो सगळे माणसांचे, डोक्यावर टोप्या, हातात पाण्याच्या बाटल्या, आणि मागे तिथल्या पार्थेनॉन या देवळाचे खांब. त्या खांबांचं काय होत असेल हे कुणी विचारत नाही कारण ते दगड आहेत ना! आपल्या भाषेतच बघा, ज्याच्यावर कशाचा परिणाम होत नाही तो 'दगड', आणि जे कधीच पुसलं जाणार नाही ती 'काळ्या दगडावरची रेघ'.

त्यामुळे 'हवामान बदलामुळे दगडी स्मारकं धोक्यात' अशी हेडलाइन दिसली की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते, अरे अडीच हजार वर्षं उन्हापावसात उभं आहे ते, एक-दीड डिग्रीने त्याला काय धाड भरणारे? प्रश्न अगदी रास्त आहे. फक्त त्याचं उत्तर डिग्रीत शोधलं तर सापडत नाही, ते सापडतं पाण्यात, मिठात आणि 'किती वेळा' या हिशोबात.

आधी एका खांबाची गोष्ट

इजिप्तचा राजा थुटमोस तिसरा याने साधारण ३४०० वर्षांपूर्वी ग्रॅनाइटचे दोन उंच स्तंभ उभे केले. त्यातला एक फिरत फिरत १८८१ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये उभा राहिला. उंची २१ मीटरच्या आसपास, वजन दोनशे टनांच्या घरात, आणि अंगावर चारही बाजूंनी चित्रलिपी कोरलेली. इजिप्तमध्ये एवढी शतकं काढलेला हा दगड न्यूयॉर्कला आल्यावर काही वर्षांतच पापुद्रे टाकायला लागला. अक्षरं गळायला लागली म्हणा ना. शेवटी १८८५ मध्ये त्याला पॅराफिन मेणाचा लेप द्यायची वेळ आली, आणि तो लेप देताना सैल झालेले तुकडे काढावे लागले तेही ढिगाने.

झालं काय होतं? हा स्तंभ मधली काही शतकं इजिप्तमध्ये जमिनीवर आडवा पडलेला होता. तिथल्या खारट जमिनीतलं मीठ त्याच्या अंगात मुरलं होतं. कोरड्या हवेत ते मीठ आतल्या आत गप्प बसलं. न्यूयॉर्कच्या पावसाळी, दमट, मध्येच गोठणाऱ्या हवेत ते जागं झालं. म्हणजे दगड तोच, मीठ तेच, बदललं ते भोवतालचं हवामान!

आता विषय इथेच आहे. त्या स्तंभाने जहाजाने प्रवास केला आणि वेगळ्या हवामानात गेला. आज जगभरातल्या वास्तू जागच्या जागी आहेत आणि हवामान त्यांच्याकडे चालत येतंय. दोन्हीचा हिशोब सारखाच.

दगड म्हणजे स्पंजच, फक्त कंजूस

दगड भरीव वाटतो पण तसा नसतो. त्याच्या कणांमध्ये डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक पोकळ्या असतात. ताज्या ग्रॅनाइटमध्ये किंवा संगमरवरात त्या जेमतेम टक्काभर असतील, पण काही वालुकाश्म आणि चुनखडीच्या दगडांत वीस टक्क्यांच्याही वर जातात, म्हणजे हातात धरलेल्या दगडाचा पाचवा भाग चक्क रिकामा. पाणी या पोकळ्यांतून आत जातं, खालून जमिनीतली ओलही चढते, ज्योतीच्या वातीत तेल चढतं ना तसंच.

नुसतं पाणी आत गेलं आणि बाहेर आलं तर फार बिघडत नाही. पण ते एकटं कधीच जात नाही, सोबत मीठ घेऊन जातं, आणि खरा खलनायक तो आहे.

मिठाची करामत

घराच्या ओल आलेल्या भिंतीवर पांढरी पूड धरते, त्यामागे पोपडे सुटतात, त्याला आपण लोणा लागला म्हणतो. तोच प्रकार देवळाच्या भिंतीला, लेण्याच्या खांबाला, राजवाड्याच्या चिऱ्याला होतो. पाण्यात विरघळलेलं मीठ दगडात शिरतं, पाणी सुकतं, मीठ मागे राहतं आणि त्याचे खडे बनायला लागतात. खडा वाढायला जागा मागतो, आणि जागा तर नाहीये, मग तो पोकळीच्या भिंतीला आतून रेटतो. एका वेळचा रेटा काहीच नाही. पण तार एकदा वाकवली तर तुटते का? नाही. तीच तार पन्नास वेळा इकडे तिकडे वाकवा, तुटणारच.

आणि इथे एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, ७५ टक्के. साधं खायचं मीठ हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की हवेतलं पाणी ओढून विरघळतं आणि खाली आला की परत खडा होतं. म्हणजे पाऊस पडायचीही गरज नाही! नुसती हवा या रेषेच्या वर-खाली होत राहिली तरी दगडाच्या पोटात मिठाची ये-जा चालू. वर्षभर कोरडी असलेली हवा दगडाला चालते, वर्षभर दमट असलेली हवासुद्धा एक वेळ चालते, चालत नाही ती धड ना इकडची ना तिकडची हवा. दुसरं एक मीठ आहे, सोडियम सल्फेट, ते तर याहून वाईट, पाणी मिळालं की पाण्याचे दहा रेणू स्वतःत ओढून घेतं आणि त्याचं आकारमान जवळपास चौपट होतं. दगड तपासणारी मंडळी या मिठाचं नाव काढलं की गंभीर होतात ते उगाच नाही.

म्हणून सरासरी तापमान किती वाढलं या आकड्यातून दगडाची अवस्था कळत नाही. हवामान जास्त चंचल झालं, कोरडा काळ लांबला, मधेच धो धो पाऊस आला, पुन्हा कडकडीत ऊन, की वर्षाला या फेऱ्या किती झाल्या ते मोजायचं. तार किती वेळा वाकली ते.

ऊन, थंडी आणि एक चांगली बातमी

दगड तापला की फुगतो, थंड झाला की आकसतो. दहा मीटर लांबीचा ग्रॅनाइट ३० अंशांनी तापला तर अडीच मिलिमीटरच्या आसपास वाढतो, ऐकायला काहीच नाही, पण हे वाढणं सगळीकडे सारखं नसतं, उन्हातली बाजू पोळते आणि आतला गाभा थंडच असतो, म्हणून वरचा थर आतल्या थरापासून सुटायला बघतो. संगमरवराचं दुखणं तर अजून विचित्र आहे. त्याचे कण म्हणजे कॅल्साइटचे स्फटिक, आणि तापल्यावर हे स्फटिक एका दिशेने फुगतात आणि दुसऱ्या दिशेने चक्क आकसतात, म्हणजे शेजारी शेजारी बसलेले कण एकमेकांना ढकलत आणि ओढत असतात. वर्षानुवर्षं असं झालं की पृष्ठभाग हाताने चोळला तरी साखरेसारखे दाणे सुटतात. हे फक्त प्राचीन वास्तूंचं नाही हं. हेलसिंकीतल्या फिनलँडिया हॉलला १९७१ साली लावलेल्या पांढऱ्या संगमरवरी फरश्या वाकून बशीसारख्या झाल्या आणि तीसेक वर्षांच्या आत बदलायला लागल्या.

चांगली बातमी अशी की गोठण्याचा त्रास काही ठिकाणी कमी होईल. पाणी गोठलं की नऊ टक्क्यांनी फुगतं, फ्रीजरमध्ये विसरलेली काचेची बाटली आठवा. युरोपातल्या बऱ्याच भागांत हिवाळा सौम्य होतोय तर तिथे या फेऱ्या कमी होतील. मात्र जिथे पूर्वी सहा महिने सगळं गोठलेलंच असायचं, अगदी उत्तरेला किंवा उंच डोंगरांवर, तिथे आता दिवसा वितळ रात्री गोठ असं सुरू होतंय, तिथे त्रास वाढतो. म्हणजे सगळीकडे सगळंच बिघडतंय असं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, नाहीतर लोक पुढचं ऐकतच नाहीत.

पन्हळी जुन्या, पाऊस नवा

हवा एका अंशाने तापली की ती साधारण सात टक्के जास्त वाफ धरून ठेवू शकते. ती वाफ कधीतरी खाली येणारच, आणि येते तेव्हा एकदम येते. पाऊस वर्षाला किती पडला यापेक्षा तासाभरात किती पडला हे वास्तूच्या दृष्टीने महत्त्वाचं, कारण जुन्या स्थपतींनी पन्हळी, गटारं, उतार हे सगळं त्यांनी पाहिलेल्या पावसाच्या मापाने काढलं होतं. ते लोक काही अडाणी नव्हते, बघा.

पेट्राचंच घ्या. जॉर्डनमधलं हे लाल वालुकाश्मात कोरलेलं शहर, आत जायची वाट म्हणजे उंच कड्यांमधली एक अरुंद घळ. वाळवंटात पाऊस क्वचित पडतो पण पडला की सगळं पाणी त्या घळीत घुसतं. हे शहर कोरणाऱ्या नबाती लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी घळीच्या तोंडाशी बांध घातला आणि खडकातून बोगदा काढून पाणी बाजूने वळवलं. काळाच्या ओघात ती व्यवस्था मोडून गेली, आणि एप्रिल १९६३ मध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात वीसहून जास्त फ्रेंच पर्यटक बुडाले. मग सरकारने काय केलं, १९६४ मध्ये बांध पुन्हा बांधला, नबाती लोकांच्याच पद्धतीने, आणि पाणी परत त्या जुन्या बोगद्याकडे वळवलं! तरीही डिसेंबर २०२२ मध्ये असा पूर आला की पर्यटकांना घाईने बाहेर काढावं लागलं.

बोरोबुदुरमध्येही शत्रू पाणीच. इंडोनेशियातला हा स्तूप एका टेकडीवर रचलेला आहे, आतली माती पाणी धरून ठेवायची आणि ते पाणी शिल्पांमधून झिरपत बाहेर यायचं, त्यावर शेवाळ, त्यावर दगडफूल. १९८३ साली पूर्ण झालेल्या दुरुस्तीत दहा लाखांच्या आसपास दगड उतरवून, साफ करून, मागे पाण्याचा निचरा करणारी रचना करून परत लावले. दहा लाख. निव्वळ पाणी बाहेर काढण्यासाठी.

समुद्र दारात

१९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची पातळी सरासरी २० सेंटीमीटरने चढली. वीतभर म्हणा. वीतभर पाण्याने काय होतं? शांत दिवशी काहीच नाही. वादळाच्या दिवशी लाट वीतभर वरून सुरू होते, आणि पूर्वी जिथे फक्त तुषार यायचे तिथे आता लाट येते. नोव्हेंबर २०१९ मध्ये व्हेनिसला १८७ सेंटीमीटरची भरती आली, तिथल्या सेंट मार्क बॅसिलिका या जुन्या चर्चच्या तळघरात खारं पाणी शिरलं. पाणी ओसरलं, टीव्हीवाले गेले, आणि मग खरं काम सुरू झालं, दगड सुकायला लागले आणि वर सांगितलेली मिठाची सगळी कहाणी सुरू! पुराचं नुकसान पूर गेल्यावर होतं, हे दगडाच्या बाबतीत तंतोतंत खरं आहे.

भूमध्य समुद्राच्या काठावर सखल भागात असलेल्या ४९ जागतिक वारसा स्थळांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यातल्या ३७ ठिकाणांना शंभर वर्षांतून एकदा येतो तशा पुराचा धोका आजच आहे आणि ४२ ठिकाणांचा किनारा खचण्याचा धोका आहे. लक्षात घ्या, इथे 'आजच' म्हटलंय, हे शतकाअखेरचं भाकीत नाही.

इस्टर बेटावरचे मोआई, ते लांबुडक्या चेहऱ्यांचे दगडी पुतळे, त्यांचे बरेचसे ओटे अगदी किनाऱ्याला आहेत आणि लाटा त्या ओट्यांच्या पायाशी पोचतायत. टोंगारिकी नावाच्या ओट्यावरचे १५ पुतळे १९६० च्या त्सुनामीने आतल्या बाजूला भिरकावले होते, नव्वदच्या दशकात जपानच्या मदतीने परत उभे केले. त्सुनामीचा हवामानाशी संबंध नाही, ती भूकंपाने येते, पण समुद्राने मनात आणलं तर कित्येक टनांचे पुतळे तो कसे फेकतो हे त्यातून कळतं. त्याच बेटावर ऑक्टोबर २०२२ मध्ये वणवा लागला आणि मोआई जिथे घडवले जायचे त्या रानो राराकूच्या परिसरातले पुतळे होरपळले.

आगीचं थोडक्यात सांगतो. गारगोटीचे कण असलेला दगड ५७३ अंशांच्या आसपास तापला की त्या कणांची आतली रचनाच बदलते, ते झटकन फुगतात आणि दगड तडकतो. वाळलेलं गवत, लांबलेला दुष्काळ, जोराचा वारा हे सगळं जुळून आलं की उघड्यावरची स्मारकं मध्ये सापडतात. ग्रीसमध्ये ऑगस्ट २०२० मध्ये आग मायसिनी या प्राचीन शहराच्या अवशेषांपर्यंत आली होती, थोडक्यात निभावलं.

'पण हवामान तर कायमच बदलत आलंय'

बरोबर. आणि त्याने शहरं मोडलीही आहेत. कंबोडियातलं अंकोर घ्या, कालवे आणि तलावांचं एवढं अफाट जाळं असलेलं शहर. जुन्या झाडांच्या खोडातल्या वर्तुळांवरून असं दिसतं की चौदाव्या आणि पंधराव्या शतकात तिथे लांबलचक दुष्काळ पडले आणि त्यांच्या मध्येमध्ये प्रचंड पावसाळे आले. कालवे गाळाने भरले, काही ठिकाणी फुटले. शहर पडायला राजकारण वगैरे इतर कारणंही होतीच, पण पाण्याची व्यवस्था कोलमडली ही मोठी गोष्ट होती. म्हणजे 'पूर्वीही बदललं होतं' हे वाक्य दिलासा म्हणून वापरलं जातं पण ते मुळात दिलासा देणारं नाहीच. शिवाय अंकोरची देवळं आता वयाने आठ-नऊशे वर्षांची झालीयेत, तरुणपणी सोसलं म्हणून म्हातारपणी सोसेलच असं कुठेय?

दुसरं म्हणजे जे टिकलं तेच आपल्याला दिसतं. जे दगडी बांधकाम तेव्हा पडलं ते 'बघा मी पडलो' म्हणून सांगायला उरलं नाही. त्यामुळे जुनं सगळं मजबूतच होतं असा आपला समज होतो.

'खरा दोष प्रदूषणाचा, हवामानाचं नाव उगाच'

अर्धं मान्य. कारखान्यांच्या आणि गाड्यांच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडने संगमरवराचं आणि चुनखडीचं अतोनात नुकसान केलंय, तो दगडाच्या पृष्ठभागाचं जिप्सम, म्हणजे एक मऊ खनिज, करून टाकतो, त्यात काजळी अडकते आणि काळी खपली धरते. अ‍ॅक्रोपोलिसवर छत पेलणाऱ्या त्या स्त्रियांच्या मूर्ती, कॅरिएटिड, १९७९ मध्ये यामुळेच आत म्युझियममध्ये न्याव्या लागल्या, बाहेर आता प्रतिकृती उभ्या आहेत.

आणि माणसाने दुरुस्तीच्या नावाखाली केलेलं नुकसान वेगळंच. पार्थेनॉनच्या मूळ बांधणाऱ्यांनी दगड जोडायला लोखंडी पट्ट्या वापरल्या होत्या पण त्यावर शिसं ओतलं होतं म्हणून त्यांना गंज धरला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जी दुरुस्ती झाली त्यात लोखंड वापरलं पण शिशाचं कवच नाही, लोखंड गंजलं, गंज फुगला आणि आतून संगमरवर फुटला. आता ते सगळं काढून टायटॅनियम घालतायत. सिमेंटचंही तसंच. जुन्या बांधकामात दर्जा, म्हणजे दगडांच्या सांध्यांमधल्या फटी, चुन्याने भरलेल्या असतात, चुना ओल बाहेर सोडतो, त्या जागी सिमेंट थापलं की ओल दगडातूनच बाहेर पडायला बघते आणि मग दगडच झिजतो. चुना स्वतः झिजून दगडाला वाचवत होता हे सिमेंट लावल्यावर कळतं.

पण यातून हवामान निर्दोष सुटत नाही. धुराने खिळखिळा झालेला, चुकीच्या दुरुस्तीने ओल कोंडलेला दगड आहे आणि त्याच्यावर आता जास्त जोराचा पाऊस आणि जास्त कडक ऊन येतंय. आधीच आजारी असलेल्या माणसाला गारठा बाधला तर दोष आजाराचा की गारठ्याचा, यावर वाद घालत बसता येईल, पण खिडकी तर बंद करायला हवी ना.

'मग वरून काहीतरी केमिकल फासा की'

हा उपाय ऐकायला इतका सोपा आहे की तो जगभर करून झालाय. पाणी आत जाऊ नये म्हणून दगडावर वॉटरप्रूफ लेप द्यायचा. अडचण अशी की पाणी वरूनच येतं असं नाही, ते पायातून चढतं, फटीतून येतं, आणि लेपामागे अडकतं. मीठ मग पृष्ठभागावर येण्याऐवजी लेपाच्या मागे खडे करतं आणि एक दिवस लेप, त्याखालचा दगड, त्यावरची नक्षी असा सगळा थर एकदम सुटून येतो. पावसात प्लॅस्टिकचा रेनकोट घालून पळालात की घामाने भिजता, तसं. काही दगडांना काही लेप चालतात, पण ते त्या दगडाची नीट तपासणी करून, आणि परत काढता येतील असेच.

'हलवा, नाहीतर थ्रीडी स्कॅन करून ठेवा'

हलवता येतं. इजिप्तमधलं अबू सिम्बेल १९६४ ते १९६८ मध्ये हजाराहून जास्त तुकड्यांत कापून ६५ मीटर वर नेलं, धरणाच्या पाण्यात बुडणार होतं म्हणून. पण त्यासाठी अख्खं जग पैसे घेऊन उभं राहिलं होतं. किनाऱ्यावरच्या शेकडो ठिकाणांसाठी तसं कोण उभं राहणार? आणि लेणं डोंगरातच कोरलेलं असेल तर काय डोंगर हलवणार?

स्कॅनिंग मात्र जरूर करावं, पण ते विम्याच्या कागदासारखं आहे, नुकसान थांबवत नाही. त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. दर दोन-चार वर्षांनी तोच भाग स्कॅन केला की किती मिलिमीटर झिजलं ते कळतं आणि कुठे आधी धावायचं ते ठरवता येतं. सोबत दगडाजवळचा दमटपणा मोजणारी छोटी यंत्रं लावली की ती ७५ टक्क्यांची रेषा वर्षातून किती वेळा ओलांडली तेही कळतं.

बाकीची कामं अगदी साधी आहेत. निचरा नीट करणं, पन्हळी नव्या पावसाच्या मापाने मोठ्या करणं, दर्जा चुन्याने भरणं, भोवतालचं वाळलं गवत कापणं, समुद्राकडच्या बाजूला आडोसा करणं. महाबलीपुरमच्या किनाऱ्यावरच्या ग्रॅनाइटच्या देवळापुढे मोठ्या दगडांचा बांध आहे आणि खारा वारा अडवायला सुरूची झाडं लावलीयेत, यात रॉकेट सायन्स काहीच नाही. गोची अशी आहे की ही कामं दर वर्षी करावी लागतात, फीत कापायला त्यात काही नसतं, त्यामुळे पैसे कमी पडले की कात्री आधी लागते ती पावसाळ्याआधी पन्हळ साफ करणाऱ्याच्या मजुरीला.